मिठाचं पाणी

तलवाडा,
५ ऑगस्ट २०२४

दीपमाला,

आशीर्वाद गृहीत धर. हल्ली शब्द जपून वापरावे लागतात.

पत्र का, असं विचारशील. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. मेंदूच्या डाव्या बाजूची गाठ जेवढी निघाली तेवढी काढली, आणि तिच्याबरोबर माझी काही नामं गेली. क्रियापदं शाबूत आहेत. म्हणजे मी बसतो, पण कशावर बसलो ते आठवायला वेळ लागतो. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसासाठी ही शिक्षा कोणीतरी विचारपूर्वक निवडलेली दिसते. रोज हाताने पानभर लिहा, असा हुकूम आहे. फोनवर मी शब्द शोधत असलो की समोरचा माणूस तो पुरवतो, बहुधा चुकीचा. कागद गप्प बसतो. शिवाय फोन सुनिता स्पीकरवर ठेवते आणि उत्तरं आप्पा देतात.

आप्पा म्हणजे शेजारचेच, सोसायटीचे माजी चेअरमन. गावातली एकही बैठक त्यांच्यावाचून सुरू होत नाही. माझ्या आजाराचं अध्यक्षपदही त्यांनी बिनविरोध घेतलं आहे.

रेडिएशनचे शेक संपले. आता कॅप्सूल. महिन्यातून पाच दिवस, अशा सहा फेऱ्या. पहिली फेरी शुक्रवारी संपली. पाच दिवसांत अकरा उलट्या. वजन चौसष्ट होतं, अठ्ठावन्न झालं. भेटायला येणारे मात्र समाधानी आहेत. आजारी माणूस आजारी दिसला की त्यांची खेप वाया जात नाही. प्रत्येकाजवळ एक औषध आहे आणि ते घेऊन बरा झालेला एक पाहुणा आहे. पाहुणा नेहमी लांबच्या गावचा असतो. आप्पा काढा आणतात. तो नांदूरघाटच्या कोणा माणसाकडून येतो आणि त्याला ओल्या पोत्याचा वास येतो.

उलट्यांवर आप्पांचं मत असं: "होऊ द्या, गुरुजी. उलटी झाली म्हंजी औषध लागलं. तुमची दीपमाला कशी वाचली मग?"

तेव्हापासून तुझी गोष्ट रोज सांगावी लागते. तू चार वर्षांची, सरबताच्या बाटलीत ठेवलेलं कापसावरचं औषध प्यालीस. आईने मिठाचं पाणी पाजलं. कापसाच्या ट्रकमधून गेवराईला पोचेपर्यंत तू माझ्या मांडीवर एकोणीस उलट्या केल्यास. आई मोजत होती. विष उतरलं, पोरगी वाचली. इथे आप्पा मान हलवतात, जणू ट्रक तेच चालवत होते.

शाळेत अंधश्रद्धेविरुद्धचं मंडळ माझ्याकडे होतं, कारण विज्ञानाचे सर शिकवणीत गुंतलेले असत. लिंबातून रक्त काढून दाखवायचो. आता घरात रोज माझ्यावरून उतरवून लिंबू कापलं जातं आणि मी गप्प बसून पाहतो.

गोळ्या घेतो. सगळ्या. काळजी नको.

दादा


नागपूर,
१४ ऑगस्ट २०२४

दादा,

नमस्कार. साष्टांग नाही, कंबर दुखते.

अकरा उलट्या ही पदवी नाही. तू ती संख्या अशी लिहिली आहेस की मला वाटलं, पुढे वर्गात आलेला क्रमांक असेल.

मी बावीस वर्षं केमोच्या वॉर्डात काम करते. तुझं औषध सोसण्यासारखं आहे. नीट घेतलं तर माणूस मळमळत, कुरकुरत पाच दिवस काढतो आणि सहाव्या दिवशी घरच्यांशी भांडतो. उलटीची गोळी कॅप्सूलच्या तासभर आधी. मग रिकाम्या पोटी कॅप्सूल, भरपूर पाण्याबरोबर. उघडायची नाही, चावायची नाही, पेढ्यात घालायची नाही. हसू नकोस, पेढ्यात घालणारे भेटले आहेत. मग तासभर काही नाही. मग थोडं थोडं खायचं, शक्यतो गार, कारण गरम अन्नाचा वास आधी पोटात शिरतो. फोडणी वहिनीने तुझ्यापासून लांब द्यावी. संध्याकाळी उलटीची गोळी पुन्हा एक. तिने पोट साफ होत नाही. त्यावर इसबगोल, पाणी आणि अंगणातल्या चार चकरा. थकवा आला तरी चकरा. मेंदूची सूज उतरवायची गोळी मनाने बंद करायची नाही. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, आप्पांचं मत न घेता.

काढा कढीपत्त्याला घाल. औषधाच्या जोडीला अशा अनोळखी गोष्टी गेल्या की यकृताचा रिपोर्ट बिघडतो, आणि मग डॉक्टर कॅप्सूलला दोष देतात, कारण नांदूरघाटचा माणूस समोर नसतो. भेटायला येणाऱ्यांना आधी हात धुवायला सांग. तुझ्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी आता सुट्टीवर आहेत.

हे गंमत म्हणून लिहीत नाही. उलट्या आवरल्या नाहीत तर डॉक्टर आधी डोस कमी करतात, मग थांबवतात. सहाच्या सहा फेऱ्या व्हायला हव्यात. तुझ्या गाठीला एवढी एकच भाषा कळते.

पुढच्या फेरीचं वेळापत्रक तासागणिक लिहून पाठव. विद्यार्थ्यांकडून मागायचास तसं.

दीपा


तलवाडा,
३ सप्टेंबर २०२४

बाईसाहेब,

गृहपाठ पुढीलप्रमाणे.

सहा वाजता उठलो. साडेसहाला गोळी. साडेसातला कॅप्सूल. पावणेनऊला पहिली. साडेदहाला दुसरी. दुपारी गार दहीभात दोन घास, अडीचला तिसरी. संध्याकाळी गोळी. पाच दिवस हेच, शेवटच्या दिवशी एक कमी. एकूण चौदा. मागच्यापेक्षा तीनने प्रगती. वजन पंचावन्न.

काढा कढीपत्त्याला घातला. झाडाने पानं टाकली. आप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "कीड असंल."

हात धुवायचा नळ दारात बसवला. त्याने अर्धे पाहुणे कमी झाले. माणसं आजाऱ्यासाठी नवस बोलतात, निर्जळी उपास करतात, पण हात धुवा म्हटलं की त्यांचा अपमान होतो.

काल पोळा झाला. पुरणाच्या वासावरच मी परसात गेलो. बैलांनी माझ्या वाटचं खाल्लं. सुनिताकडे तळायचं ते, भोकं असलेलं, लांब दांड्याचं, ते मागायचं होतं. दहा मिनिटं हातवारे केले. तिने सूप दिलं, मग चाळण दिली, मग डोळे पुसत आत गेली. झारा. आता आठवला. आता नको आहे.

डॉक्टर चकित आहेत. उलटीची गोळी बदलून अधिक ताकदीची देतो म्हणाले. मी नको म्हणालो. आहे ती चांगली आहे.

दादा


नागपूर,
१२ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझं वेळापत्रक तीनदा वाचलं. अक्षर सुंदर आहे. इतकं सुंदर की संशय येतो. चौदा उलट्या करणारा माणूस वेळा अशा समासात ओळीने लिहीत नाही.

या गोळीवर इतक्या उलट्या मी क्वचित पाहिल्या आहेत. दोन शक्यता आहेत. एक, गोळी खराब आहे. दोन, रुग्ण. गोळी खराब असेल तर दुकान बदलू. रुग्ण बदलता येत नाही.

आणि चौदा उलट्या होऊनही "आहे ती चांगली आहे" म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्याकडे लोक या गोळीसाठी भांडतात.

तिसरी फेरी झाली की उलटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं टपालाने पाठव. तिन्ही फेऱ्यांची. आमच्या वॉर्डात हीच पद्धत आहे. रुग्णाच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पाकिटावर थोडा जास्त.

दीपा


तलवाडा,
२९ सप्टेंबर २०२४

दीपमाला,

सोबत रिकामी पाकिटं, नग तीन, एकेकात दहा घरं, सगळी फुटलेली. पोच द्यावी.

तिसरी फेरी झाली. सतरा. वजन बावन्न. डॉक्टरांनी या वेळी खुर्ची पुढे ओढून घेतली, तेव्हाच कळलं. म्हणाले, पुढच्या फेरीला असंच झालं तर थांबवावं लागेल. शरीर एवढं सोसणार नाही. थांबवलं तर पुढे काय, असं मी विचारलं. म्हणाले, मग बघत राहायचं. काय बघत राहायचं, ते नाम त्यांनाही सापडलं नाही.

मला हिशेब कळत नाही. एवढं सगळं बाहेर पडतं आहे, तर मी बरा व्हायला हवा.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. पण डॉक्टरांनी खाडाखोड करू नका म्हणून सांगितलं आहे.

दादा


तलवाडा,
१ ऑक्टोबर २०२४

दीपाताईंना सुनिताचा नमस्कार.

पत्र लिवायची सवय न्हाई, चुकलंमाकलं समजून घ्या. फोनवर सांगता येईना, हे समोरच बसलेले असतात.

परवा घट बसायचेत म्हणून घर काढलं होतं. यांच्या शाळेच्या कपाटात वर खडूचा डबा हाय, पत्र्याचा. पुसायला काढला तर खळखळ वाजला. मला वाटलं खडूचे तुकडे असतील. उघडला तर पांढऱ्या गोळ्या. मोजल्या. तीस भरल्या. मेडिकलवाल्याला एक नेऊन दाखवली. उलटीचीच हाय म्हणाला.

मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी आणि गोळी यांच्या हातात देते. घेतली का म्हणलं की हो म्हणतात. मी चुलीकडं वळले की गोळी मुठीत ऱ्हात असंल. मास्तर माणूस, पोरांच्या मुठी उघडण्यात जन्म गेला यांचा, माझ्या ध्यानात कसं येणार.

गोळ्या परत तिथंच ठेवल्यात. यांना बोलले न्हाई. पण कावून करत असतील हे असं? मरायचं असतं तर कॅप्सूल टाकून दिली असती. ती तर वेळेवर घेतात, देवाच्या प्रसादावानी. उलटी झाली की मोरीतून बोटं दाखवतात, दोन, तीन. तोंड धुऊन येतात ते खुशीत. आप्पाला तुमचा तो ट्रकचा किस्सा रोज सांगतात. पयले आप्पाच विचारायचे, आता हेच सांगतात, कुणी न विचारता.

लई वाळलेत हो. पाठीवर हात ठेवला की मणके मोजता येतात. मी काय करू ते कळवा. पत्र माझ्या नावानं न्हाई, यांच्याच नावानं पाठवा, मला वाचून दाखवतात.

सुनिता


नागपूर,
७ ऑक्टोबर २०२४

दादा,

पाकिटं पोचली. घरं तिन्ही पाकिटांची एकाच दिवशी, एकाच अंगठ्याने फोडलेली दिसतात. गोळ्या खडूच्या डब्यात आहेत हेही मला माहीत आहे. कसं ते विचारू नकोस, आणि वहिनीकडे बघू नकोस. वाचत राहा.

अंधश्रद्धाविरोधी मंडळाच्या अध्यक्षांचं अभिनंदन. आप्पा निदान उघड बोलतात तरी. तू त्यांच्या काढ्याला हसलास, कढीपत्त्याचं झाड मारून त्यांना दाखवलंस, आणि त्यांचं सगळ्यात वाईट औषध गुपचूप रोज दोनदा घेतलंस. किंवा घेतलं नाहीस. उलटी थांबली तर विष आत राहील, असंच ना?

आता एक सांगते. हे तीस वर्षं सांगितलेलं नाही.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत गेवराईला राधाकिशन डॉक्टरांकडे गेले होते. ज्यांच्या दारात तो ट्रक थांबला, तेच. खूप थकले होते. म्हणाले, "कापसाच्या ट्रकातली पोर का तू?" मी अभिमानाने म्हणाले, हो, आईच्या मिठाच्या पाण्याने वाचलेली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मिठाच्या पाण्यानं तू मरत होतीस. उलटी छातीत उतरली होती. तीन दिवस विषावरच्या सुया टोचल्या, तेव्हा कुठं डोळ्यांच्या टिंबाएवढ्या झालेल्या बाहुल्या मोठ्या झाल्या. तुझ्या आईला सांगू नको. तिला वाटू दे."

मी आईला सांगितलं नाही. ती गोष्ट सांगताना तिची मान कशी ताठ व्हायची ते तूही पाहिलं आहेस. ती गेल्यावर तुला सांगायचं कारण उरलं नाही, कारण गोष्ट निरुपद्रवी वाटत होती. लोक सत्यनारायणाची कथा ऐकतात, आम्ही ही ऐकायचो. ती तुझ्या पोटात जाऊन बसेल हे मला सुचलं नाही. तू तीस गोळ्या लपवल्यास, मी तीस वर्षं एक वाक्य. तेव्हा मोठेपणा कोणीच घेऊ नये.

तुझ्या मांडीवर मी एकोणीस उलट्या केल्या. त्यातली एकही मला वाचवत नव्हती. तू तेरा वर्षांचा होतास, तुला दिसलं ते तू खरं मानलंस. आता एकोणसाठचा आहेस.

तुझं औषध पोटात काम करत नाही. रक्तात जातं, रक्तातून डोक्यात. तुला उलटी होते तोवर ते निघून गेलेलं असतं. उलटीत बाहेर पडते ती भाकरी. विष नाही, गाठ नाही, फक्त भाकरी. आणि भाकरी पडत गेली म्हणून आता डॉक्टर कॅप्सूल थांबवणार. बरं होण्यासाठी तू जे करतो आहेस, त्यानेच बरं होण्याचा रस्ता बंद होतो आहे. ही गोष्ट कोणा दुसऱ्याची असती तर तू वर्गात हसत सांगितली असतीस.

एकवीस तारखेला चौथी फेरी. डब्यातल्या गोळ्या फेकून दे, नवं पाकीट आण. पहिल्या दिवशी गोळी वहिनीसमोर गिळ आणि तोंड उघडून दाखव. आमच्या वॉर्डात मी मोठमोठ्या माणसांना तोंड उघडायला लावलं आहे. कोणी त्याने मेलं नाही.

दीपा


तलवाडा,
२८ ऑक्टोबर २०२४

दीपमाला,

तुझं पत्र सुनिताला मोठ्याने वाचून दाखवताना तिसऱ्या ओळीवर थांबलो. ती म्हणाली, "वाचा की. चष्मा देऊ का?" पुढचं मनात वाचलं. तिने विचारलं नाही काय लिहिलंय. संध्याकाळी खडूचा डबा रिकामा करून तिच्यासमोर ठेवला. ती म्हणाली, "बरं झालं, हिंग ठेवायला डबा पायजेच होता."

पाच दिवस तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. राग कोणाचा ते नक्की होईना. आईचा करता येत नाही. डॉक्टर राधाकिशन गेलेले. उरली तू, पण तू तर मेली असतीस.

एकवीसला साडेसहाला गोळी गिळली. तोंड उघडून दाखवलं. सुनिताने मान वाकडी करून जिभेखालीही पाहिलं. साडेसातला कॅप्सूल. मग ओसरीवर बसलो. पावणेनऊ झाले. नऊ झाले. काही नाही. दीपा, गेल्या तीन महिन्यांत मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. आत एवढं जहर आहे आणि मी शांतपणे बसलो आहे, असं. तुझं पत्र खिशात होतं. "फक्त भाकरी" ही ओळ काढून वाचली. साडेनऊला गार पोहे खाल्ले. पोहे आतच राहिले. त्यांच्यासारखा निर्णय मलाही आधी घेता आला असता.

पाच दिवसांत दोन उलट्या. मळमळ आहे. पोट साफ होत नाही, इसबगोल घेतो, तुझ्या नावाने. अंगणात चार चकरा. थकवा आहेच, तो आता घरचा झाला. वजन त्रेपन्न. डॉक्टर म्हणाले, पाचवी फेरी करू. त्यांनी खुर्ची मागे नेली.

गाव मात्र नाराज आहे. तिसऱ्या दिवशी आप्पा आले, मी भाकरी खात होतो. त्यांनी मोरीकडे पाहिलं. म्हणाले, "गुरुजी, उलटी न्हाई व्हय? मंग औषध डुप्लिकेट दिसतंय. मी बोलू का कुणाशी?" तेव्हापासून सुनिता दारातच नळापाशी उभी राहते आणि येणाऱ्याला सांगते, "आत्ताच चारदा झाली, झोपलेत." लोक समाधानाने परत जातात. तिला खोटं बोलता येतं हे मला छत्तीस वर्षांत माहीत नव्हतं. माझ्याकडून शिकली म्हणते.

दादा


नागपूर,
६ नोव्हेंबर २०२४

दादा,

दिवाळीचा फराळ पाठवत नाही, तळलेला आहे. अभिनंदनही करत नाही, दोन फेऱ्या बाकी आहेत.

वहिनीला सांग, चारदा जास्त होतात. दोनदा सांगितलं तरी गाव परत जाईल, आणि काही उलट्या सहाव्या फेरीसाठी शिल्लक राहतील.

दीपा


तलवाडा,
१९ जानेवारी २०२५

दीपमाला,

सहावी फेरी डिसेंबरात झाली. एक उलटी, तीही एसटीत, त्यामुळे धरायची की नाही ते तू ठरव. काल डॉक्टरांना डोक्याचे फोटो दाखवले. डॉक्टर म्हणाले, उरलेली गाठ होती तेवढीच आहे. वाढलेली नाही. मी विचारलं, ही बातमी चांगली का? म्हणाले, या आजारात हीच चांगली. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. माझ्याकडे आता तीन महिने आहेत, मग कदाचित आणखी तीन. शाळेत असताना चाचणी ते चाचणी असाच जगायचो.

नामं थोडी परत येताहेत. झारा पक्का झाला. परवा "उंबरठा" आला, कोणी बोलावलं नव्हतं.

गेल्या रविवारी आईची पुण्यतिथी झाली. तू आली नाहीस, बरं केलंस, सगळ्यांनी तुला तोंड उघडायला लावलं असतं. पानं उठल्यावर आप्पांनी फर्माईश केली, "गुरुजी, ती ट्रकाची गोष्ट होऊ द्या. आईची आठवण तेवढीच." पंधरावीस माणसं होती. मी सांगितली. सरबताची बाटली, मिठाचं पाणी, कापूस, एकोणीस उलट्या. आईची मान ताठ ठेवली. मग ट्रक गेवराईत थांबला. पूर्वी गोष्ट इथे संपायची. या वेळी मी दार उघडलं. आत राधाकिशन डॉक्टर होते. तीन दिवस सुया टोचल्या, आणि पोरगी वाचली.

आप्पा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "गुरुजी, हा डॉक्टर आदी नव्हता."

मी म्हणालो, "होता. मला शब्द सापडत नव्हता."

दादा